बेसबॉलचा सीझन सुरू व्हायची लोक एवढी वाट का बघतात?

तुम्ही विचारलंय की ज्या खेळात तीन तास फारसं काही घडत नाही त्याची अमेरिकेतली लोकं अख्खा हिवाळा वाट कसली बघतात. खरं सांगू का, २०१३ ला बॉस्टनला आलो तेव्हा मी पण ऑफिसात हेच विचारायचो, जरा तोऱ्यातच, क्रिकेटवाले ना आपण. आता एक तप उलटून गेलंय आणि फेब्रुवारी लागला की माझीच चुळबुळ सुरू होते.

(आणि तीन तास आता नाही हो लागत. २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, बेस (रन काढताना गाठायचे थांबे) रिकामे असतील तर पिचरला, म्हणजे आपल्या बोलरला, १५ सेकंदात बॉल टाकायला लागतो, त्यामुळे सरासरी मॅच ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली.)

तर मुद्दा असा की आयपीएलमध्ये एक टीम लीगच्या १४ मॅच खेळते, इथे एक टीम १६२ खेळते, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, म्हणजे आठवड्यातले सहा दिवस मॅच धरूनच चाला. त्यामुळे ती मॅच म्हणजे काही खास कार्यक्रम वगैरे राहत नाही, कुकर लावलाय, पोरगं होमवर्क करतंय आणि मागे रेडिओवर रेड सॉक्स (आमची बॉस्टनची टीम) चालू आहेत, असं ते घरातलंच होऊन जातं. आणि मग ऑक्टोबरमध्ये ते एकदम बंद. रोज संध्याकाळी घरात कोणीतरी बोलत असायचं ते गप्प झालं, त्यात इथे साडेचारला अंधार पडतो. आपण वाट बघतो ती त्या आवाजाची, वर्ल्ड सीरीज (ऑक्टोबरअखेरची फायनल) जिंकणं वगैरे फार पुढची गोष्ट.

वाट बघण्याचे पण टप्पे आहेत. पहिला म्हणजे ट्रक डे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फेनवे पार्क या रेड सॉक्सच्या मैदानाबाहेरून टीमचं सामान भरलेला एक ट्रक फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला निघतो, जवळपास १,५०० मैल, कारण स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव, तिकडे असतं. त्यात २० हजाराच्या वर बॉल, हजारभर बॅटी, मोजे, टीशर्ट, ६० खोकी सूर्यफुलाच्या बिया (डगआउटमध्ये सगळे त्या चघळून थुंकत असतात) असं सगळं. आणि तो ट्रक बघायला लोकं जमतात! मी एकदा गेलो होतो, उणे काहीतरी तापमान, नाक गळतंय, रस्त्याच्या कडेला मिठाने काळा पडलेला बर्फ, आणि ट्रकने हॉर्न मारल्यावर लोकांनी ज्या आरोळ्या ठोकल्या ना, मला थेट पालखीचं प्रस्थानच आठवलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू रजा टाकून मोज्यांचा टेम्पो बघायला गेलास?" हो, गेलो.

दुसरा टप्पा फेब्रुवारीच्या मध्यावर, पिचर्स आणि कॅचर्स (आपल्या विकेटकीपरसारखे) सरावाला रिपोर्ट करतात तो दिवस. बाकी टीम काही दिवसांनी येते. पिचरचा खांदा-कोपर हळूहळू तापवत न्यायला लागतं, आधी एखाद-दोन इनिंग (मॅचमध्ये अशा नऊ असतात), मग तीन, मग मार्चच्या शेवटी पाच-सहा, घाई केली की कोपराचं ऑपरेशन आणि वर्ष वाया. आणि पिचर आला म्हणजे बॉल पकडायला कॅचर हवाच. त्या दिवशी प्रत्यक्षात घडत काहीच नाही, चार जण उन्हात हात फिरवतायत असे फोटो येतात, पण खिडकीबाहेर दोन फूट बर्फ असताना तो हिरवागार फोटो बघून जे वाटतं ते इथे हिवाळा काढल्याशिवाय कळायचं नाही.

आमचे जुने घरमालक, वय ऐंशीच्या पुढे, हिवाळाभर रेडिओला हात लावायचे नाहीत. फेब्रुवारीअखेर फ्लोरिडातली पहिली प्रॅक्टिस मॅच लागली की तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे, आवाज मोठा करून. कॉमेंटेटर थांबला की मागून कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बॉल बसल्याचा 'थप्प' ऐकू यायचा. ते ऐकून म्हातारबुवा नुसती मान हलवायचे आणि चहात साखर ढवळत बसायचे. या मॅचच्या निकालाला काडीची किंमत नसते बरं का, पण नव्वदच्या पुढचा नंबर घातलेल्या एखाद्या नवख्या पोराने दोन होमरन (आपले सिक्सरच) मारले की आम्ही लगेच त्याला हॉल ऑफ फेममध्ये बसवून मोकळे!

म्हातारबुवांना वाट बघायची सवयच होती म्हणा, १९१८ नंतर रेड सॉक्स वर्ल्ड सीरीज थेट २००४ ला जिंकले, मधली ८६ वर्षं काही नाही. मी आलो त्याच वर्षी टीम चॅम्पियन, त्यामुळे मला वाटलं हे असंच असतं. मग फेब्रुवारी २०२० मध्ये आमचा स्टार खेळाडू मूकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमला देऊन टाकला, ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही, आणि पाठोपाठ कोरोना. सीझन जुलैच्या शेवटी सुरू झाला, फक्त ६० मॅच, रिकामी मैदानं, आणि आम्ही डिव्हिजनमध्ये, म्हणजे आमच्या गटात, शेवटचे. २०२२ आणि २०२३ ला परत शेवटचे. तरीही दर मार्चमध्ये तोच मूर्खपणा, कारण ओपनिंग डेच्या सकाळी तीसच्या तीस टीमसमोर ०-० (जिंकलेल्या शून्य, हरलेल्या शून्य) लिहिलेलं असतं आणि आपण निर्लज्जासारखे ऑक्टोबरचं कॅलेंडर उघडून बघतो.

तुम्ही भारतातून बघणार असाल तर एक सांगतो. इथल्या संध्याकाळच्या मॅच तिकडे पहाटे पावणेपाचच्या सुमारास लागतात, त्यांच्या नादी लागू नका. एप्रिलचा तिसरा सोमवार पकडा, त्या दिवशी बॉस्टन मॅरेथॉन असते आणि फेनवेवरची मॅच सकाळी अकराच्या आसपास सुरू होते, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ. जेवायला बसताना लावा. पहिल्या दोन इनिंग काही कळणार नाही, चालतंय, कॅचर दोन पायांच्या मध्ये बोटं दाखवतोय की मनगटावरचं बटण दाबून पिचरला कुठला बॉल टाकायचा याचा सिग्नल देतोय तेवढंच बघा.