जुनी भट्टी घ्यायची तर आधी तापवून दाखवा म्हणायचं

सांगली-सातारा भागात काचकाम शिकून घरीच सुरू केलेले जे कोणी आहेत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, सेकंडहँड सामान कुठं मिळेल. आणि दुसरा, केलेलं विकायचं कुठं. म्हणून यावेळी सगळी पत्रं काचेचीच घेतलीत. नावं छापू नका असं जवळपास सगळ्यांनीच लिहिलंय, त्यामुळं नुसती गावं दिलीत.

कुपवाडहून : पुण्याच्या बाजूला एकजण फ्युजिंगची, म्हणजे काचेचे तुकडे तापवून एकजीव करायची, इलेक्ट्रिक भट्टी विकतोय, ३ किलोवॅटची, वरून झाकण उघडणारी. साठ हजार म्हणतोय. दोन-तीन वर्षं बंद आहे पण चालू कंडिशनमध्ये आहे म्हणे. फोटो पाठवलेत, नव्यासारखी दिसते. ॲडव्हान्स पाठवू का?

अजिबात नाही. फोटोत सगळ्याच भट्ट्या नव्या दिसतात, पत्र्याला एक हात रंग मारला की झालं. आधी फोनवर एवढंच विचारा की मी येतो, माझ्यासमोर ८०० डिग्रीपर्यंत तापवून दाखवाल का. जो माणूस हो म्हणतो त्याच्याकडं जा. जो म्हणतो अहो कनेक्शन काढून ठेवलंय, लाइट नाहीये, तुम्ही घेऊन जा आणि घरी बघा, त्याला नमस्कार करा आणि पुढचा शोधा.

गेल्यावर प्लग लावायच्या आधी एक मल्टिमीटर खिशातून काढायचा, दोनेकशे-तीनशे रुपयांचा चालतो. एलिमेंटचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, रेझिस्टन्स मोजायचा. हिशोब सोपा आहे, २३० गुणिले २३० भागिले ३०००, म्हणजे साधारण साडेसतरा ओहम यायला पाहिजे. तार जुनी होत जाईल तशी बारीक होते आणि आकडा वाढत जातो. २२ आला तर समजा ती भट्टी आता ३ किलोवॅटची राहिली नाही, २.४ ची झालीय, वर चढायला तास-तास घेणार आणि तुमचं बिल वाढणार. म्हणजे भट्टी घेऊ नये असं नाही हं, कांथलची तार बदलता येते, पण ते पैसे किमतीतून वजा करून मगच बोला.

मग झाकण उघडून आत हात घालायचा. विटेच्या ज्या खाचेत तार बसलेली असते तिथून बोट फिरवत जा, तार खाचेतून बाहेर लोंबत असेल किंवा कुठं पिना ठोकून बसवली असेल तर दिसेलच, पण काचेचे बारीक थेंब विटेला चिकटलेले डोळ्याला लवकर दिसत नाहीत, बोटाला टोचतात. काच तापली की विटेला खात जाते आणि तारेवर पडली तर ती तार तिथंच तुटणार. झाकणाच्या आत पांढरं कापसासारखं सिरॅमिक फायबर असेल आणि त्याचे धागे सुटलेले असतील तर मास्क लावल्याशिवाय हात लावू नका, ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. भट्टी पुण्याची आहे म्हणताय, पण ती आधी कुठं होती ते विचाराच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडची किती मशिनरी पाण्याखाली गेली हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि त्यातली बरीच धुऊन पुसून पुढं विकली गेली. मागचं कव्हर उघडायला लावा, कंट्रोल बॉक्सच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या खाली वाळलेल्या गाळाची पिवळसर रेघ असेल तर कॉन्टॅक्टर (वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) आणि वायरिंग सगळं बदलायचं धरूनच चला. वीट पाणी पिते, त्यामुळं भिजलेली भट्टी एकदम तापवली तर आतल्या वाफेनं विटेला तडे जातात. शंभर डिग्रीच्या आसपास झाकण थोडं उघडं ठेवून बराच वेळ सुकवावी लागते.

कंट्रोलरकडं नीट बघा. लॅबच्या जुन्या बंद भट्टीला, म्हणजे मफल फर्नेसला, एकच टेंपरेचर लावायची सोय असते, तिथं पोचली की तिथंच थांबणार. काचेला ते पुरत नाही. किती वेगानं चढायचं, कुठं थांबायचं, किती वेगानं उतरायचं हे टप्प्याटप्प्यानं सांगता आलं पाहिजे, विशेषतः उतरताना. साधी खिडकीची काच असेल तर ५४०-५५० च्या आसपास थांबवून मग हळू उतरवावी लागते, नाहीतर बाहेर काढल्यावर टेबलावर ठेवल्या ठेवल्या तडकते. असे टप्पे लावता येणारा रॅम्प-सोकवाला कंट्रोलर आणि के टाइप थर्मोकपल (आतलं टेंपरेचर मोजणारी तार) दोन्ही नवीन बसवता येतात, हा खर्च झेपणारा असतो, त्यामुळं नुसता कंट्रोलर जुना आहे म्हणून चांगली भट्टी सोडू नका.

आणि घरची लाइट. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, तासन्‌तास. १६ अँपिअरचा प्लग कागदावर चालतो, प्रत्यक्षात पिना काळ्या पडतात, सरळ वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी घालून घ्या. संध्याकाळी तुमच्याकडं व्होल्टेज २०० वर येत असेल तर भट्टीची ताकद चौथा हिस्सा कमी होते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही आणि मग भट्टी खराब दिली म्हणून विकणाऱ्याशी भांडणं.

हे सगळं बघून साठ हजार जास्त वाटले तर कमी करा. सगळं चांगलं निघालं तर घासाघीस फार ताणू नका, टेंपोत चढवायला चार माणसं त्यालाच बोलवायचीत. झाकण वेगळं काढून, आत घोंगडं कोंबून, उभीच आणा.

ओगलेवाडी, कराडहून : आमचे आजोबा काच कारखान्यात कामाला होते. माळ्यावर लोखंडी पाइप, कातऱ्या, बिडाचे साचे पडलेत. भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकावं का?

भंगारवाल्याला थांबवा. ओगले बंधूंचा कारखाना, तिथले प्रभाकर कंदील, तुमच्या गावाचं नावच त्यावरून पडलंय. त्याच्या आधी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला १९०८ साली, लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून. या सगळ्यातली हत्यारं आता उरलीत किती? तुमच्या माळ्यावर त्यातली काही असतील तर किलोवर मोजायची वस्तू नाही ती.

पाइप, म्हणजे काच फुगवायची नळी, आधी तपासा. सायकलचा पंप लावून हवा आरपार जाते का बघा, तोंड लावू नका, आत गंज असतो. मग कडाप्प्यावर लोळवून बघायचा, वाकडा असेल तर उड्या मारत जातो. सरळ आणि मोकळा पाइप आजही वापरता येतो. साच्यांना तेलाचा हात फिरवून ठेवा, आतली बाजू पॉलिश पेपरनं घासायच्या भानगडीत पडू नका, साच्याची सगळी किंमत त्या आतल्या गुळगुळीतपणात असते आणि हौसेनं घासणारे तीच घालवतात.

मग आजोबा असतील तर त्यांना, नसतील तर गल्लीत जुने कामगार असतील त्यांना बसवून एकेक वस्तू हातात द्या आणि हे कशाला वापरायचे ते विचारून दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. चिमणीचा साचा, बरणीचा साचा, एवढं लिहिलं तरी पुरे. चिठ्ठी असलेल्या वस्तूला दुप्पट भाव येतो असं मी म्हणेन, कारण घेणारा काचकाम करणारा असो की संग्रह करणारा, त्याला हे काय आहे तेच माहीत नसतं. घेणारे मुंबई-पुण्यात स्टुडिओवाले मिळतील, फिरोजाबादला तर काचेचा सगळा बाजारच आहे. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा. साचे दोन तुकड्यांचे असतात, जोडी मोडून विकू नका, कोणी कितीही गोड बोललं तरी.

मिरजेहून : टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून, मणी करायला शिकलोय. इथं हॉस्पिटलांमुळं जुने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशिनं) स्वस्तात मिळतात, सिलिंडरऐवजी ते चालतील का?

चालतात की, छोट्या टॉर्चला ५ लिटरवालं एक मशीन पुरतं, जाड बोरोसिलिकेटवर (जास्त उष्णता लागणारी काच, तीच बोरो) काम करायचं असेल तर दोन जोडावी लागतात किंवा सिलिंडरच घ्यावा लागतो. कोविडमध्ये घेतलेली मशिनं लोकांच्या कॉटखाली पडून आहेत, त्यामुळं भाव पडलेत हे खरं. पण बंद पडून राहिलेलं मशीन हेच जास्त वाईट, आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) ओल लागली की मशीन घरघर करत चालतं, हवा येते, फक्त त्यात ऑक्सिजन नसतो. दुरुस्तीवाल्याकडं ॲनालायझर असतो, त्याच्याकडून अर्धा तास चालवून मोजून घ्या, फ्लो पूर्ण उघडल्यावरही नव्वद टक्क्यांच्या वर पाहिजे. मशीन किती तास चाललंय ते दाखवणारं मीटर असतं तेही बघा.

टॉर्च सेकंडहँड घेताना पुढची भोकं बघा, ज्योत एका बाजूला झुकत असेल तर भोकं बुजलीत. ऑक्सिजनच्या नळीला, नॉबला, कुठंही तेल-ग्रीस नाही म्हणजे नाही, फिरत नाही म्हणून थेंबभर तेल सोडणारे आपल्यात फार, ते पेट घेतं. रेग्युलेटर जुना घेऊ नका, आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत मागं येऊ न देणारा) नवीनच घ्या, तिथं काटकसर नको. गॅसची टाकी घरातली लाल वापरू नका, धंद्याला १९ किलोची कमर्शियल घ्या. सोडा काचेच्या पिवळ्या झळीसाठी डायडिमियमचा चष्मा लागतो, साधा गॉगल लावून होत नाही, बोरोला त्याहून गडद शेड.

विट्याकडचे कोणी गलाई व्यवसायात (सोनं-चांदी गाळायच्या) पाहुणे असतील तर त्यांच्याकडं चिमटे, बर्नर, हातमोजे जुने मिळतात, अवश्य विचारा. मूस (धातू वितळवायचं भांडं) मात्र आणू नका, ती ग्राफाइटची असते, काचेला उपयोग नाही.

तासगावहून : बिअरच्या बाटल्या आणि खिडकीची काच एकत्र फ्यूज केली तर चालेल का? फुकटात मिळतात.

नाही. दोन्ही काचा थंड होताना सारख्या आकसत नाहीत. आज चांगली दिसेल, गिऱ्हाइकाच्या घरी तडकेल. खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावा, तुकडा तिच्यासमोर धरा, पोलराइज्ड गॉगल हातात घेऊन त्यातून बघत स्क्रीन काळी होईपर्यंत तो फिरवा. जोडाच्या कडेनं उजेडाची कड दिसली तर काचेत ताण आहे. बाटलीच्या काचेवर बाटलीचीच काच, तीही एकाच बाटलीची, एवढं चालतं.

सातारहून : फ्यूज केलेल्या काचेच्या ताटल्या, पेंडंट, खिडकीत लावायच्या चकत्या करते. महिला बचत गटाच्या प्रदर्शनात लोणच्याशेजारी स्टॉल मिळाला, लोक हात लावून बघतात आणि जातात. दुसरीकडं कुठं लावता येईल?

ताई, लोणच्याशेजारी लोक लोणचं घ्यायला येतात, तुमच्या काचेत काही वावगं नाही. पहिली गोष्ट, केंद्र सरकारच्या विकास आयुक्त हस्तशिल्प यांचं कारागीर ओळखपत्र काढा, त्यालाच पहचान कार्ड म्हणतात. काम करतानाचे फोटो तयार ठेवा, नुसत्या वस्तूंचे नको, भट्टीत तुकडे मांडतानाचे. दिल्ली हाट या हस्तकलेच्या बाजारात पंधरा-पंधरा दिवसांनी कारागीर बदलतात, तिथल्या स्टॉलला हे कार्ड लागतं, फेब्रुवारीतल्या हरियाणाच्या सूरजकुंड मेळ्यालाही त्याचा उपयोग होतो. पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या सरकारी योजनेच्या मागं कोणी लावलं असेल तर सोडून द्या, त्या अठरा धंद्यांत काचकाम नाहीये. जिल्हा उद्योग केंद्रात मात्र चक्कर मारा आणि उद्यम नोंदणी करून ठेवा, अर्जात बऱ्याच ठिकाणी तीच विचारतात.

बचत गट आहेच तर उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) मार्फत मुंबईच्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनाला नाव द्या, पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा असते. तिथंही खाण्याची गर्दी आहे, पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक घर सजवायच्या वस्तू बघत फिरतं. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाला अर्ज काही महिने आधी करावा लागतो आणि निवड होते, फोटो चांगले लागतात. मुंबईच्या जहांगीर कलादालनाला रांग वर्षांची आहे, अर्ज टाकून विसरून जा, आला नंबर तर आला.

पण माझं मत विचाराल तर तुमच्या पायाशी महाबळेश्वर-पाचगणी आहे, आधी तिथं बघा. तिथली हॉटेलं, कॅफे, होमस्टे, यांना खिडकीत लावायला काहीतरी पाहिजेच असतं आणि त्या चकत्यांना खिडकीसारखी जागा नाही. दुकानात ठेवायला दिलं तर तीस ते पन्नास टक्के कमिशन मागतात, ऐकून दचकू नका, पण तुटलं तर कोणाचं, पैसे किती दिवसांनी, हे दोन्ही कागदावर लिहून घ्या. वस्तूंची यादी सहीसकट.

स्टॉल घ्यायच्या आधी आयोजकाला तीनच गोष्टी विचारायच्या : लाइटचा पॉइंट आहे का, टेबल हलतं का, आणि टेंपो दारापर्यंत येतो का. काचेच्या मागून एक पांढरी एलईडी पट्टी लावली की तीच ताटली वेगळी दिसते, पिवळ्या हॅलोजनखाली निळा रंग मरतो. आणि हात लावून बघतात म्हणताय ना, लावू द्या. एक तुकडा मुद्दाम हाताळायला ठेवा, कडा नीट घासलेला, त्यावर "हातात घेऊन बघा" लिहा, बाकीचे मागच्या फळीवर. पेंडंट तेवढे पुढं, शंभर-दोनशेच्या वस्तूनं स्टॉलचं भाडं निघतं आणि ताटली नंतर फोनवरून विकली जाते, म्हणून कार्डावर नंबर मोठ्या अक्षरात छापा.

इस्लामपूरहून : माझीच भट्टी विकायचीय, मोठी घेतेय. जाहिरात कशी देऊ?

आतलं माप सेंटिमीटरमध्ये, किलोवॅट, सिंगल फेज की थ्री फेज, एलिमेंट कधी बदललं, जास्तीत जास्त किती डिग्रीला वापरली. फोटो आतले द्या, बाहेरचा एक पुरे. विटेला तडा असेल तर त्याचाच जवळून फोटो टाका, येणारा माणूस ते बघूनच येतो आणि दारात भाव पाडायला त्याच्याकडं काही उरत नाही. वर कुपवाडच्या दादांना सांगितलंय तेच गिऱ्हाईक तुमच्याकडं मल्टिमीटर घेऊन येणार आहे हे धरून चाला, त्या दिवशी घरचा गिझर बंद ठेवा, व्होल्टेज पडायला नको.