काळ्या भुकटीत तांबं का उतरतं?

जुन्या लिथियम बॅटऱ्यांमधला उपयोगी माल वेगळा करण्याविषयी या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. काळी भुकटी म्हणजे सेल कुटून चाळल्यावर खाली पडणारा ग्राफाइट आणि निकेल-कोबाल्टचा चुरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची मुळं त्यातच आहेत.

रबाळे एमआयडीसीत आमचं प्लास्टिक दळण्याचं युनिट आहे. लॅपटॉपमधले थोडे सेल हॅमर मिलमध्ये कुटून एक मिलिमीटरच्या जाळीने चाळून पाहिले. काळ्या भुकटीत तांब्याचे कण चमकतात, म्हणून घेणारा भाव पाडतो. जाळी बारीक केली तर भुकटीच कमी पडते. कुठे चुकतं?

सर्वात आधी हे प्रयोग थांबवा. प्लास्टिक दळण्याच्या संमतीवर बॅटऱ्या कुटता येत नाहीत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे पुनर्चक्रणासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळी नोंदणी लागते. शिवाय उघड्या हॅमर मिलमध्ये सेल कुटणं म्हणजे आगीशी खेळ. सेलमधल्या इलेक्ट्रोलाइट या द्रवातलं डायमिथाइल कार्बोनेट साधारण १८ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि आपल्याकडे पारा बहुतेक दिवस त्याच्या वरच असतो. जाणकार कारखान्यांत पहिली फोड नायट्रोजन भरलेल्या बंद यंत्रात किंवा पाण्याच्या फवाऱ्याखाली होते.

आता मूळ दुखणं. ते कुटण्यात आहे. जाळी बिचारी मिळेल ते खाली सोडते. सेलमध्ये दोन फॉइल असतात. तांब्याचं सहा ते दहा मायक्रॉन जाड, त्यावर ग्राफाइटचा लेप. ॲल्युमिनियमचं बारा ते वीस मायक्रॉन, त्यावर निकेल-कोबाल्टवाला लेप. लेप ठिसूळ आणि फॉइल चिवट, या एका फरकावर सगळं वेगळं करणं उभं आहे. कागदात गुंडाळलेली चिक्की ठोकली तर चिक्कीचा चुरा होतो आणि कागद नुसता चुरगळतो. ठोकतच राहिलात तर कागदाच्याही चिंध्या होतात. तुमच्या मिलमध्ये हेच घडतंय. माल जाळीतून निघेपर्यंत हातोडे थांबत नाहीत, म्हणजे फॉइलही एक मिलिमीटरच्या आत येईपर्यंत मार खातं.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दोन्ही लेप सारख्या सहजतेने सुटत नाहीत. ग्राफाइट बहुधा पाण्यात कालवलेल्या रबरी चिकट्याने बसवलेलं असतं, ते लवकर झडतं. ॲल्युमिनियमवरचा लेप पीव्हीडीएफ नावाच्या चिवट प्लास्टिकने धरलेला असतो, तो हट्टाने बसून राहतो. त्यामुळे पहिल्या चाळणीला पडते ती भुकटी ग्राफाइटने भरलेली, आणि पैसा ज्या लेपात आहे तो अजून फॉइलवरच. मग माणूस आणखी कुटतो, आणि तांबं नेमकं तेव्हा खाली उतरतं.

नोंदणी झालेल्या जागी क्रम असा ठेवतात. दोन शाफ्टच्या संथ श्रेडरमध्ये सुमारे वीस मिलिमीटरचे तुकडे, मग निर्वात ओव्हनमध्ये ८० ते १२० अंशांवर वाळवणं, चुंबकाने डब्यांचं लोखंड बाजूला, आणि नागमोडी हवेच्या नळीत फुंकर मारून सेपरेटरची, म्हणजे दोन फॉइलमधल्या प्लास्टिकच्या पडद्याची, पातळ फिल्म वर. यानंतर लगेच ०.५ मिलिमीटरला चाळायचं आणि सुटलेली भुकटी काढून घ्यायची. उरलेलं फॉइल तेवढंच दुसऱ्या मिलमध्ये जातं, तेही थोडक्या वेळासाठी, आणि लगेच पुन्हा चाळणी. सुटलेली भुकटी कुटाईत परत पाठवायची नाही, हा नियम मोडला की माल बिघडतो. वेळ ठरवायला एकाच लॉटचे चार नमुने घेऊन अर्धा, एक, दोन आणि चार मिनिटं फिरवा, प्रत्येक वेळी भुकटीचं वजन आणि प्रयोगशाळेकडून तांबं-ॲल्युमिनियमचे टक्के लिहा. भुकटी वाढायची थांबते पण तांबं चढत राहतं, त्या खुणेच्या अलीकडे थांबायचं.

पावसाळ्यात मात्र वेगळाच त्रास. वाळवण अर्धवट राहिली की उरलेला इलेक्ट्रोलाइट हवेतला ओलावा ओढतो, भुकटीचे गोळे होतात आणि जाळीची भोकं बुजतात. जाळीखाली रबरी चेंडू ठेवले की ती मोकळी राहते, पण खरा इलाज वाळवणीच. त्याच ओलाव्याने इलेक्ट्रोलाइटमधला लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट हा क्षार फुटून हायड्रोफ्लुओरिक आम्ल बनतं, म्हणून धुराड्याआधी अल्कलीचा स्क्रबर (वायू धुणारं यंत्र) आणि आम्ल अंगावर उडालं तर लावायला हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हवंच.

राहिलं तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांपासून. एडी करंटचं (फिरत्या चुंबकाने धातू दूर फेकणारं) यंत्र घेऊ नका, इतक्या पातळ फॉइलवर ते जोर धरत नाही. फॉइल मिलमध्ये फिरवून घट्ट गोळ्या करा आणि हवेच्या कंपनटेबलावर सोडा. तांब्याची घनता ८.९, ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे गोळ्या झाल्या की फारकत चांगली होते. सपाट चकत्या मात्र दोन्ही हवेवर तरंगतात. गोळ्यांच्या पोटात भुकटी अडकलेली नाही ना, हे चारदोन कापून बघावं.

ठाण्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गोळा झालेले १८६५० सेल (लॅपटॉप-पॉवर बँकमधले नळकांडी सेल) पुढे देण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकून रिकामे करतो. पाणी तांबूस होतं, उग्र वास येतो, आणि चार दिवसांनीही काही सेल तीन व्होल्ट दाखवतात. असं का?

वास क्लोरीनचा. सेलचा धन टोकाकडचा विद्युतदाब मिठातलं क्लोराइड तोडतो, ऋण टोकाला हायड्रोजन सुटतो. पाण्यातला तांबूस गाळ म्हणजे धन टोकाच्या लोखंडी टोपीचा गंज. ती टोपीच खाऊन गेली की विजेची वाट तुटते आणि उरलेला चार्ज आत कोंडून राहतो. तुमचे तीन व्होल्टवाले सेल ते हे. पुढे सील गळलं की इलेक्ट्रोलाइट त्याच पाण्यात, आणि ते पाणी गटारात सोडायचं नसतं.

सोपा उपाय रेझिस्टर. प्रत्येक सेलला १० ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावा. पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टच्या सेलमधून ०.४२ अँपिअर जातो, पावणेदोन वॅट उष्णता होते, आणि दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल पाच-सहा तासांत उतरतो. रेझिस्टर तापतात, म्हणून प्लास्टिकच्या ट्रेवर ठेवू नका. सेल एकामागे एक जोडायचे नाहीत. सर्वात कमजोर सेल उलटा चार्ज होतो. अर्ध्या व्होल्टला सोडा, एक दिवस ठेवा, पुन्हा मोजा. व्होल्टेज परत वर चढतं. एकच्या वर गेलं तर आणखी एकदा जोडा.

आणि शून्य दाखवणारा सेल रिकामाच असतो असं समजू नका. आतली सुरक्षा-चकती दाबाने सुटली असेल तर मीटर शून्य सांगतो, चार्ज आत तसाच. असे सेल टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवा आणि नोंदणीकृत पुनर्चक्रकाला तसं सांगून द्या. जमलं तर अंगावर ३.२ व्होल्ट छापलेले फॉस्फेटवाले सेलही निवडून काढा. त्यांत निकेल-कोबाल्ट नसतं. मिसळले की सगळ्या लॉटचा भाव उतरतो.

पॉवर बँक फुगली आहे. घणसोलीच्या आमच्या सोसायटीत सुक्या कचऱ्यात दिली तर चालेल का?

नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेटू शकते. चार्ज करू नका, टोचू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घराबाहेर पण पावसापासून आडोशाला ठेवा, आणि ई-कचरा संकलनाला फुगल्याचं सांगून हातात द्या.

ऐरोलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रकल्प करतोय. विकत आणलेल्या काळ्या भुकटीतून फेन-प्लवनाने, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडून फेसाबरोबर, ग्राफाइट वर काढायचं आहे, पण फेसाबरोबर सगळंच वर येतं. ग्राफाइट बुडबुड्यांना चिकटावं म्हणून घालतो ते रॉकेल वाढवलं तर आणखीच.

रॉकेल वाढवणं उलटं पडतं. ग्राफाइट पाण्याला नकोसं असतं म्हणून बुडबुड्याला चिकटतं, निकेल-कोबाल्टचे ऑक्साइड पाण्यात भिजतात. पण तुमच्या ऑक्साइडच्या कणांवर पीव्हीडीएफचा पापुद्रा आहे, त्यामुळे तेही पाणी टाळतात. दोघांचा स्वभाव एक झाला की प्लवन काय करणार! भुकटी नायट्रोजनखाली ५०० अंशांवर तासभर भाजा. पीव्हीडीएफ तापून तुटताना हायड्रोजन फ्लुओराइड सोडतं, तेव्हा फ्यूम हूड (विषारी वाफ ओढून घेणारं कपाट) आणि स्क्रबर नसेल तर हा भाग करूच नका. ६६० अंशांना ॲल्युमिनियम वितळतं, त्याच्या जवळ जाऊ नका, नाहीतर राहिलेले तुकडे दाण्यांना लिंपून बसतील. हवेत भाजलंत तर ग्राफाइटही जळायला लागतं. भाजल्यावर गोळे हलके फोडून घ्या.

मात्रा टनाला २०० ते ३०० ग्रॅम रॉकेल पुरते. ७५ ग्रॅम भुकटीला हे फार तर २२ मिलिग्रॅम होतं, म्हणजे बारीक सुईच्या सिरिंजमधून मोजकेच थेंब. ड्रॉपरने टाकत असाल तर पहिल्या दोन थेंबांतच मात्रा ओलांडलेली असते. दीड लिटरच्या प्लवन-पात्राला ७५ ग्रॅम भुकटी ठीक, त्याहून दाट केलंत तर बारीक ऑक्साइड नुसत्या पाण्याबरोबर फेसात ओढले जातात. फेस एकदा काढून ताज्या पाण्यात पुन्हा फेसाळवा. पहिल्या फेसात अडकलेला ऑक्साइड दुसऱ्या खेपेला खाली बसतो. आणि भाजलेल्या भुकटीतलं थोडं लिथियम कार्बोनेट होऊन पाण्यात विरघळतं, म्हणून ते पाणी फेकण्याआधी त्यातलं लिथियम मोजा.