‘पोट लपेल असं शिवा’ म्हणणाऱ्या बाईला काय द्यायचं?

प्रश्न: ताई, मी बायकांचे कपडे डिझाइन करते, नुकतंच स्वतःचं काम सुरू केलंय. येणाऱ्या बहुतेक जणी आधी पोट, दंड, कंबर यांच्या तक्रारी सांगतात आणि म्हणतात, लपेल असं काहीतरी शिवा. मी सैल, गडद रंगाचं करून देते, त्या घेतातही, पण ट्रायलला चेहरा काही खुलत नाही. काय करू?

उत्तर: अगं, सैल आणि गडद हे उत्तर फार पटकन दिलं जातं. कापड कुठेच बसलं नाही की नुसतं लटकतं, बाई आहे त्याहून मोठी दिसते आणि ते तिला आरशात लगेच कळतं. आधी खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो काखेचा घेर, नीट बसव, छातीला डार्ट (आकारासाठी घेतलेली चिमटी) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी वळणदार शिलाई) दे, मग पोटावर हवा तेवढा लूज ठेव. मोठ्या साइजसाठी लहान पॅटर्न (कापायचा कागदी नमुना) सगळीकडून सारखा वाढवू नकोस हं, वजन वाढलं म्हणून खांद्याचं हाड रुंद होत नाही, मग खांदे उतरतात, मुंढा लोंबतो आणि तिला वाटतं आपलंच अंग बेढब.

साइज वाढला म्हणून कुणी हिरमुसली तर तिला सांग की अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, त्यातली फक्त गोऱ्या बायकांचीच धरली, त्यावर बेतलेलं साइजचं स्टँडर्ड १९५८ मध्ये आलं आणि १९८३ मध्ये मागेही घेतलं. आजही प्रत्येक ब्रँडचा मीडियम वेगळाच असतो.

आणि मुख्य म्हणजे टेप काढायच्या आधी तिला बोलतं कर. दिवसभर बसून काम की उभ्याने, बाळाला पाजतेस का, कपाटातला सगळ्यात लाडका कपडा कोणता, तो घेऊनच ये म्हणावं, त्यावरून ती स्वतःला कशी बघते ते तुला कळेल. स्तनाची सर्जरी झालेलीला हात वर करून डोक्यातून घालणं जड जातं, तिला पुढून उघडणारं आणि आतून मऊ शिलाईचं दे. व्हीलचेअर वापरणारीच्या पँटला मागे उंची जास्त लागते, पुढे कमी. ट्रायलला बसायला, वाकायला, हात वर करायला लाव. खिसा दे, फोन मावेल एवढा!

एवढं होऊनही ती म्हणाली पोट झाकायचंय, तर झाक, तो तिचा निर्णय आहे, फक्त ‘यात बारीक दिसाल’ हे तू म्हणू नकोस. आणि बाजूच्या शिलाईत माया, म्हणजे आतलं जादा कापड, भरपूर सोड म्हणजे उद्या अंग बदललं तरी तो कपडा उसवून तिला वापरता येईल.