स्पेक्ट्रमची टंचाई आणि शिकणारी यंत्रे

प्रश्न : स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल, रेडिओ, रडार यांना लागणाऱ्या रेडिओलहरींचा विस्तार, अपुरा पडतो असे ऐकतो आणि त्याचा बराच भाग वापराविना पडून असतो असेही वाचतो. दोन्ही खरे कसे? कृत्रिम बुद्धिमत्ता यात नेमके काय करते?

उत्तर : दोन्ही खरे आहे, कारण ही टंचाई बऱ्याच अंशी वाटपाच्या पद्धतीतून आलेली आहे. एखादा पट्टा, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा भाग, एका परवानाधारकाला दिला, की तो जिथे आणि ज्या क्षणी वापरात नसतो तेव्हाही इतरांना बंदच राहतो. (वर्तमानपत्रे या रेडिओलहरींना ‘ध्वनिलहरी’ म्हणतात. त्या विद्युतचुंबकीय लहरी आहेत, म्हणून तो शब्द सोडून द्यावा असे मला मनापासून वाटते.)

मोकळा पट्टा हेरून वापरणाऱ्या रेडिओची कल्पना अमेरिकी अभियंते जोसेफ मिटोला यांनी १९९९ च्या सुमारास मांडली. मात्र नुसते ऐकून भागत नाही. इमारतीआडचा प्रक्षेपक आपल्या यंत्राला ऐकू येत नाही, त्यामुळे ते पट्टा रिकामा समजून बोलू लागते आणि दोघांच्या मध्ये असलेल्या तिसऱ्याचे ग्रहण बिघडते. शिवाय क्षीण संदेश गोंगाटात बुडालेला असतो. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा नौदलाच्या रडारबरोबर वाटून वापरला जातो. रडार सुरू झाले की इतरांना बाजूला व्हावे लागते. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की नुसती ऊर्जा मोजणाऱ्या रूढ पद्धतीपेक्षा रडारच्या नोंदींवर शिकवलेले काही अल्गोरिदम (संगणकाच्या कार्यपद्धती) ते रडार अधिक अचूक ओळखतात.

ओळखण्यापेक्षाही अवघड आहे ते एकमेकांना जागा देणे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने घेतलेल्या आणि २०१९ मध्ये संपलेल्या स्पर्धेत, परस्परांची रचना ठाऊक नसलेल्या रेडिओ-जाळ्यांना एकच पट्टा वाटून घ्यायचा होता. तिथला एक नियम मला फार मोलाचा वाटतो : एखादे जाळे ठरावीक पातळीखाली घसरले, तर सर्वांनाच त्या सर्वांत मागे राहिलेल्या जाळ्याइतके गुण मिळत. त्यामुळे यंत्रांना शेजाऱ्याची गरजही लक्षात घ्यावी लागे. फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ त्यात विजयी झाला.

तथापि, असे यंत्र नवख्या परिस्थितीत काय ठरवील हे आधी सांगता येत नाही. म्हणून, ज्या रडारवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत त्याच्यासाठी थांबण्याचा आदेश शिकलेल्या अंदाजावर न सोडता, यंत्राला ओलांडता येणार नाही अशा ठाम नियमानेच बांधलेला असावा, असे माझे मत आहे.