फोर्टमधली जुनी चर्च

प्रश्न : फोर्टमधली जुनी चर्च एका सकाळी पायी पाहायची आहेत, सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, दादर)

उत्तर : हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून करावी. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाज्यामुळेच चर्चगेट हे नाव पडले, आणि शहरातील जुन्या मैलाच्या दगडांवरील अंतरेही येथूनच मोजली जात. आत घाई करू नये. भिंतींवरील संगमरवरी स्मृतिशिल्पे अवश्य निरखावीत, कारण कंपनी सरकारच्या काळातील मुंबई, तिच्या युद्धांसह आणि अकाली मृत्यूंसह, त्या कोरीव मजकुरात वाचता येते. पुढे लायन गेटजवळचे सेंट अँड्र्यूज हे १८१९ चे स्कॉटिश चर्च पाहावे. काळा घोडा भागातील निळे सिनॅगॉगही (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) तेथून जवळच आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून इतर वार निवडावा.