स्विच बंद, तरी एलईडी बल्ब मंद पेटतो: स्विच बदलण्याआधी हे तपासा

तुमचं वर्णन असं: तीसेक वर्षांपूर्वीची इमारत, बेडरूमचा स्विच सैल झालाय, साधा बल्ब काढून एलईडी लावल्यापासून रात्री स्विच बंद असतानाही तो मंद उजेड देतो, घरात इन्व्हर्टर आहे. आणि प्रश्न: स्विच स्वतः बदलू का?

स्विच बदलता येईल, पण त्या मंद उजेडाकडे दुर्लक्ष करू नका. स्विचवर छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ करंटही एलईडीला पुरतो. तसं असेल तर बिनइंडिकेटरचा स्विच लावा, काम झालं. कधी लांब पाइपात शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळेही असं होतं. इंडिकेटर नसेल तर मला पहिली शंका येते ती स्विच फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (वीज परत नेणारी वायर) जोडल्याची. जुन्या फिलामेंट बल्बला एवढ्याशा करंटने काहीच होत नव्हतं, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. धोका मोठा आहे: स्विच बंद करून तुम्ही स्टुलावर चढता, पण होल्डरमध्ये फेज तसाच असतो.

काम सुरू करण्याआधी वीज खरंच गेली आहे याची खात्री करा, आणि इन्व्हर्टर असलेल्या घरात लोक नेमके इथेच फसतात. मेन एमसीबी (घराची वीज तोडणारा खटका) खाली पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवरून त्याच बोर्डात २३० व्होल्ट सोडतो. म्हणून एमसीबी पाडा, इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करा आणि त्याचा प्लगही काढा. एमसीबीवर चिकटपट्टी लावा, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सगळं बंद करण्याआधी टेस्टर एखाद्या चालू पॉइंटवर पेटतो का ते बघा. नाहीतर त्याचा दिवाच गेलेला असायचा. बंद केल्यावर त्याच टेस्टरने या स्विचचे, शेजारच्या स्विचचे आणि सॉकेटचे स्क्रू तपासा, एकाच बोर्डात मेनचा आणि इन्व्हर्टरचा असे दोन वेगळे फेज बऱ्याचदा असतात.

आता फेज की न्यूट्रल. वीज बंद असताना बल्ब काढून ठेवा, प्लेट उघडून स्विच पुढे ओढा, वायरी एकमेकींना टेकत नाहीत ना ते पाहा. मग एमसीबी चढवा, इन्व्हर्टरही प्लग लावून चालू करा, स्विच चालू स्थितीत ठेवा, पायात कोरडी रबरी चप्पल घाला आणि टेस्टर फक्त त्याच्या दोन स्क्रूंना लावा. दोन्ही पेटले तर स्विच फेजवर आहे. बोर्डात दुसरीकडे फेज असूनही हे दोन्ही पेटले नाहीत तर न्यूट्रलवर. हात थरथरत असेल तर ही तपासणी वायरमनकडून करून घ्या. तपासणी झाली की पुन्हा सगळं बंद.

न्यूट्रलवर निघाला तर बोर्डात वायरी अदलाबदल करत बसू नका. चूक जंक्शन बॉक्समध्ये असेल, किंवा सगळेच स्विच तसे निघाले तर थेट मेनपाशी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत क्षमता किंवा स्वरूप न बदलता स्विच, दिवा, फ्यूज बदलायला मोकळीक आहे. वायरिंगमधला फेरफार मात्र परवानाधारक कंत्राटदाराचं काम.

फेजवर असेल तर बदलणं सोपं. आधी फोटो काढा. फेजच्या टर्मिनलमध्ये बऱ्याचदा दोन वायरी असतात, दुसरी पुढच्या स्विचचा लूप असते. ती सुटली तर अर्धा बोर्ड बंद पडतो. जळकट काळं टोक कापून आठ-दहा मिलिमीटर नवं सोलताना तांब्याच्या तारा तुटू देऊ नका, पीळ घालून दुमडा, स्क्रू घट्ट करा आणि प्रत्येक वायर ओढून पाहा. सैल टर्मिनल तापतं, बोर्ड जळण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे. हिरवी अर्थिंगची वायर सोडवू नका. वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तांब्याशी पीळ मारून जोडू नका, तिथे वायरमनच हवा.

नवा स्विच दिव्यासाठी ६ अँपिअरचा, आयएसआय खुणेचा घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा खटका) नसेल तर वायरमन येईल तेव्हाच बसवून घ्या. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला बसणाऱ्या शॉकला नाही.

बल्ब काढल्यावर टेस्टरने काय दाखवलं आणि वायरी तांब्याच्या की ॲल्युमिनियमच्या, एवढं कळवा.