गोव्यातल्या जुन्या घरावर गेम बनवतोय, त्यात सारीपाट ठेवू का?

ठेवाच हो! असॅसिन्स क्रीड 3 या व्हिडिओ गेममध्ये (2012) मादागास्करचा फानोरोना हा पटावरचा खेळ तसाच खेळता येतो, मग आपला पट का नको. फक्त कवड्यांचं गणित नीट करा, 0 ते 6 मधला कुठलाही आकडा रॅंडम काढू नका, 6 कवड्या म्हणजे 64 शक्यता, त्यात 3 उताण्या पडायच्या 20 आणि सहाही उताण्या पडायची एकच, म्हणून तर ते दान पडलं की ओरडायला होतं ना. आमच्याकडे फोंड्याला चवथीत जेवणं झाली की पट मांडायचे, आजी कवड्या मुठीत खुळखुळवायची तो आवाज अजून कानात आहे, तो खऱ्या कवड्यांचाच रेकॉर्ड करा प्लीज. आणि डाव अर्धा सोडून उठता आलं पाहिजे, सक्ती केली की लोक वैतागतात.